लाल कड्यावरचं घर

आमच्या खोऱ्यात उगवता सूर्य दाखवावा तो हमदानेच. सिनायच्या या डोंगरांत शेळ्यांमागे तिचं बालपण गेलं, त्यामुळे कुठला दगड पायाखाली डुगडुगेल हे तिला अंधारातही कळतं. दूरदूरच्या शहरांतून चालायला आलेल्या बायकांना ती पहाटे पूर्वेच्या टेकडीवर नेते, काटक्या पेटवून गोड चहा उकळते आणि खाडीपलीकडून ऊन वर आलं की त्यांच्या तोंडांकडे बघत गालात हसते. जणू ते ऊन तिनेच आदल्या रात्री भिजत घातलं होतं.

बायकांनी वाटाड्या व्हावं की नाही, यावरून वस्तीत पुष्कळ वादावादी झाली होती. अखेर वस्तीचे प्रमुख शेख मुसल्लम, म्हणजे हमदाच्या नवऱ्याचे थोरले काका, दोन अटींवर तयार झाले. पाहुण्या फक्त बायकाच हव्यात, आणि सूर्य मावळताना आपल्या बायका घरी हव्यात. दुसरी अट नवी नव्हती. हमदाच्या आईलाही तीच होती, सासूलाही. शेळ्या लाल कड्यापर्यंत न्यायच्या आणि दुपार कलली की माघारी वळवायच्या. वस्ती तर अशी खोल घळीत, की दुपार कलतानाच सूर्य कड्याआड जातो आणि मग नुसती सावली उरते.

त्यामुळे संध्याकाळची वाट पुरुषांची. हमदाचा नवरा उवैद पाहुण्यांना लाल कड्यावर सूर्यास्त बघायला न्यायचा. तो परतला की त्याची आई, उम्म उवैद, हटकून विचारायची, "काय दिसलं रे?"

"सूर्य गेला."

"आणि समुद्र?"

"होता."

"तुला विचारण्यापेक्षा उंटाला विचारलेलं बरं," म्हातारी म्हणायची आणि सगळे हसायचे.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र तिच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं. गावातल्या डॉक्टरने हात टेकले. एक दिवस सुईत दोरा ओवायचा नाद सोडून ती हमदाला म्हणाली, "जन्मभर त्या कड्यावर शेळ्या चारल्या गं. सूर्य समुद्रात बुडताना एकदा बघायचा होता. आता राहू दे."

ते "राहू दे" हमदाच्या जिवाला लागलं. ती तडक शेखकडे गेली.

"काका, एकच संध्याकाळ. सासूबाईंना कड्यावर नेऊन आणते."

"आज तुझी सासू, उद्या प्रत्येकीची सासू," शेख म्हणाले. "हा रिवाज मी एकट्याने घातला नाही, पोरी. मी एकट्याने मोडणारही नाही."

माणूस वाईट नाही. फक्त एकदा मान हलवली की ती दुसऱ्या दिशेला हलत नाही.

हमदा घरी आली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. तिथे तंबूची गुंडाळी होती, शेळ्यांच्या काळ्या केसांची. उमेदीच्या काळात सासूने स्वतः सूत काढून विणलेला तो तंबू. आता सगळे सिमेंटच्या खोल्यांत राहतात, पण वसंतात चराईला जाताना तंबू बाहेर निघतो. तो विणायचा बायकांनी, उभारायचाही बायकांनी आणि कुठे उभारायचा तेही त्यांनीच ठरवायचं. त्यात पुरुष कधी तोंड घालत नाहीत. घातलं तर मेखा ठोकाव्या लागतील ना.

वसंत आला तसं हमदा नवऱ्याला म्हणाली, "यंदा तंबू लाल कड्यावर टाकीन म्हणते."

"तिथे पाणी नाही."

"नेऊ."

"चाराही बेताचाच."

"शेळ्या सांभाळून घेतील."

उवैद तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने आईकडे पाहिलं. "मला यातलं काही ठाऊक नाही," तो म्हणाला. सकाळी दारात दोन्ही उंट उभे होते, पाण्याचे कॅन लादलेले.

म्हातारी आधी उंटावर आणि मग शेवटच्या चढाला हमदाच्या खांद्यावर भार टाकत, सगळ्यांना शिव्या घालत वर पोचली. शेजारच्या दोघी मदतीला होत्या. तंबू उभा राहिला, तोंड पश्चिमेकडे. चूल पेटली, राखेत रोटी भाजायला पडली.

कड्यावरचा काळा ठिपका खालून दिसायला कितीसा वेळ लागणार? ऊन उतरू लागलं तसे शेख मुसल्लम धापा टाकत वर आले. आमच्यात माणूस कितीही संतापलेला असला तरी तंबूपासून लांब थांबून खाकरतो, आणि बोलावल्याशिवाय पुढे येत नाही. शेखही थांबले. उवैद चुलीपाशी बसून किटली अशी निरखत होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

"सूर्य मावळायला आला," शेख लांबूनच म्हणाले. "बायका घरी हव्यात."

"घरीच आहोत, काका," हमदा म्हणाली. "चूल इथे, अंथरूण इथे, सासूबाई इथे. बाहेर तुम्हीच उभे आहात. आत या, चहा झालाय."

शेखनी तंबूकडे पाहिलं. त्यांचा धाकटा भाऊ याच तंबूत नांदला होता, याच तंबूत वारला होता. याला घर नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना. चपला काढून ते आत येऊन बसले. हातात चहाचा पेला आला आणि चहा संपेपर्यंत भांडायचं नसतं.

"भाऊजी, समुद्र कुठल्या अंगाला?" उम्म उवैदने विचारलं.

शेखनी बोट दाखवलं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिच्या हातातली काठी उचलून हळूच फिरवली आणि नेमकी समुद्राकडे रोखून धरली. "काठीच्या टोकापुढे बघ, उम्म उवैद."

म्हातारी काठीच्या रेषेत बघत राहिली. खाली डोंगर एकेक करून काळे पडले. सूर्य पाण्याला टेकला, पसरला आणि तसाच रेंगाळला. हमदाला फार बरं वाटत होतं, पण ती सूर्याकडे कमी आणि सासूच्या तोंडाकडेच जास्त बघत होती.

"लाल दिसतंय," म्हातारी म्हणाली. "सगळं लाल." बऱ्याच वेळाने ती उवैदकडे वळली. "हा मेला रोज येऊन सांगायचा, सूर्य गेला. जाताना इतका थांबतो, हे कधी बोलला नाही."

शेखनी रिकामा पेला खाली ठेवला, नमाजासाठी उठले आणि जाताजाता तंबूचा एक दोर ओढून पाहिला. तो सैल होता.

"इथे वारा फार," ते हमदाला म्हणाले. "राहायचं असेल तर मेखा आणखी खोल ठोका."

हमदाने दगड उचलला आणि ठोकायला बसली.