येसूबाईंनी दिल्लीच्या ऑफिसचं लग्न लावलं

उरणजवळच्या आमच्या गावात येसूबाईंशिवाय लग्न लागत नाही. त्या धवलारीण आहेत. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाण्यांतून देवांना बोलावते, हळद लावते, वरपक्षाची यथेच्छ टिंगल करते आणि शेवटी नवरीला निरोप देते. भटजींना घाई असते, येसूबाईंना कधीच नसते. नवरदेव घामाघूम होऊन खुर्चीत पेंगायला लागला, तरी बाईंचे निम्मे देव वाटेतच असतात.

आमच्या कंपनीचे मालक गणराजशेठ. बंदरातून कंटेनर उचलायचे आणि देशभर पोचवायचे, हा धंदा. मी ट्रकांच्या फेऱ्या लावतो, म्हणजे दिवसभर फोनवर ड्रायव्हरांशी भांडतो. शेठनी पहिला ट्रक घेतला तेव्हा पूजेला येसूबाईंना बोलावलं होतं. बाईंना लग्नाची गाणी सोडून दुसरी येत नाहीत, आणि टिंगलीची सोडली तर ती बदलायचीही नसतात. त्यांनी ट्रकलाच नवरी केलं, बॉनेटला हळद लावली. ट्रक चांगला चालला. तेव्हापासून कंपनीत काहीही नवीन आलं की बाईंनी त्याचं लग्न लावायचं, असा रिवाजच पडला.

यंदा कंपनीनं दिल्लीत ऑफिस उघडायचं ठरवलं, आणि तिथली प्रमुख म्हणून शेठनी कंपनीतल्याच पूर्वीला निवडलं. पूर्वी ही येसूबाईंची एकुलती एक मुलगी. नवरा गेल्यावर बाईंनी तिला एकटीनं वाढवलं, मांडवामांडवांतून कडेवर घेऊन फिरवलं. हुशार पोर, पण म्हणाली, "आई हो म्हणाली तरच राहीन. नाहीतर उद्घाटन उरकून परत येईन."

आई मात्र हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. विचारलं की "बगू" म्हणायच्या आणि वालाच्या शेंगा सोलायला घ्यायच्या. शेठनी शेवटी येसूबाईंनाच उद्घाटनाला दिल्लीला न्यायचं ठरवलं, सोबत कंपनीतली आम्ही चार-पाच गावची माणसं. परतीच्या विमानाचं पूर्वीचंही तिकीट काढून ठेवलं.

दिल्लीचं ऑफिस पाचव्या मजल्यावर होतं. काचेचं दार, दाराला लाल फीत, आत जेवणाचा घमघमाट. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष कात्री घेऊन उभे होते. शेठ म्हणाले, "बस दो मिनिट, हमारे यहाँ का रिवाज है." दोन मिनिटं! मी सकाळपासून उपाशी होतो आणि येसूबाईंना ओळखून होतो. मी तिथेच भिंतीला टेकून घेतलं.

बाईंनी नऊवारीचा काष्टा सारखा केला, पूर्वीच्या गालाला हळद लावली आणि मग काचेच्या दाराला लावली. आम्ही गावची माणसं काय ते समजलो. या खेपेला नवरी पूर्वी होती आणि नवरा ऑफिस.

मग देव निघाले. करंज्याची द्रोणागिरी आली, चौलची शितळादेवी आली. मग नवऱ्याची टिंगल सुरू झाली:

"यो नवरा हाय थंड गो,
खिडकी याची बंद गो!"

एसीच्या बंद खिडक्या बघून आम्ही फिदीफिदी हसलो. दिल्लीच्या पाहुण्यांना एक अक्षर कळलं नाही, पण आम्ही हसतोय म्हणून तेही हसले. एकानं टाळ्यांचा ठेका धरला. अध्यक्षांनी कात्री या हातातून त्या हातात घेतली.

आता निरोपाचं गाणं राहिलं होतं. बाईंनी तोंड उघडलं, थांबल्या, आणि पुन्हा द्रोणागिरीला बोलावायला लागल्या! देवी आताच येऊन बसली होती, तिला परत कशाला बोलावता? पण सांगणार कोण? शितळादेवीही दुसऱ्यांदा आली. आत पनीर गार होत होतं. शेठ माझ्याकडे बघत होते, जणू काही मीच बाईंना चावी दिली होती. तिसऱ्यांदा द्रोणागिरी निघाली तेव्हा मात्र माझा राग उतरला. बाईंना निरोप गाताच येत नव्हता.

पूर्वी पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आली. हळूच म्हणाली, "आये, नको तर नको. तिकीट आहे माझं. मी येते घरी."

बाई पाणी प्यायल्या. "तुना ऱ्हायचाय का नाय, ता सांग."

इतके दिवस लेक फक्त आईला विचारत होती. आपल्याला काय हवं, हे तिनं एकदाही सांगितलं नव्हतं.

"राहायचंय," ती म्हणाली. "खूप राहायचंय."

"मंग यवरे दिस बोलली का नाय?" बाई खेकसल्या. त्यांनी लेकीचा हात धरला, दाराच्या हळदीवर ठेवला आणि गायला लागल्या:

"दिली माजी लेक तुजे दारी गो..."

पुढची ओळ येईना. गावभरच्या पोरींना जी ओळ ऐकवून बाईंनी सासरी धाडलं, ती 'जा बाय जा तू तुजे घरी गो' अशी आहे. आम्हा सगळ्यांना ती पाठ होती, पण मधे तोंड घालायची कुणाची छाती होईना.

तेव्हा पूर्वीनंच ती ओळ उचलली आणि स्वतःपुरती फिरवून घेतली:

"जाते आये मी माजे घरी गो..."

येसूबाई ढसाढसा रडल्या. अध्यक्षांना वाटलं, काहीतरी अशुभ झालं. त्यांनी भीतभीत कात्री पूर्वीच्या हाती दिली. तिनं फीत कापली आणि ती आत गेली. तिच्यामागे भुकेली दिल्ली आत गेली, मीही गेलो.

थोड्या वेळानं लक्षात आलं, येसूबाई आत नाहीत. त्या बाहेर लिफ्टजवळच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मांडीवर गावाहून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. शेठ धावत बाहेर आले. "येसूबाई, हे काय? आत चला, पानं वाढलीत."

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "वा रं शेठ! लगीन करून दिलेले पोरीचे घरी आय जेवते का कवा?"

शेठनी तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि पूर्वीचं परतीचं तिकीट रद्द करायला सांगितलं.