पाचव्या पानावरची बाई

हमीदभाईंच्या बायकोचा चेहरा मी खोडायला लावला. एकदा नाही, त्रेसष्ट वेळा. ती त्यांची बायको आहे हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं, हे त्याहून खरं. लोक म्हणतात, "राधाताई, उगाच मनाला लावून घेता." घेते. तुमच्या मनाला तर नाही ना लावत?

मी चाळीस वर्षं चित्रं काढून पोट भरलं. शाळेची पुस्तकं, दिवाळी अंक, बालगीतांच्या पुस्तिका, येईल ते. गेल्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एका लहानशा संस्थेने मला बोलावलं. पाच चित्रकार, सहा आठवडे. प्रत्येकाने संस्थेच्या यादीतली एक मराठी कथा निवडायची, तिचं सोळा पानांचं कॉमिक करायचं आणि मी त्यांच्या मानगुटीवर बसायचं. त्याला ते मेंटर म्हणतात. या प्रकाराचं नाव रेसिडेन्सी, पण राहायला कुणीच नव्हतं, कारण जागा दोन खोल्यांची. सकाळी दहाला यायचं, संध्याकाळी सहाला जायचं. शेवटी पाची कॉमिकांचं मिळून एक पुस्तक निघणार होतं.

चार जण कला महाविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले. पाचवे हमीद शेख, वय सत्तावन्न. पहिल्या दिवशी ते दारातच चपला काढून, जाडा कागद बगलेत धरून उभे राहिले. मला वाटलं, फ्लेक्स लावायला कुणी आलंय. मी म्हणाले, "बोर्ड बाहेर लावायचाय, आत नाही." ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, माझं नाव यादीत आहे." असा माझा पहिला पराक्रम.

खरं तर फ्लेक्सचं मी अगदीच चुकीचं बोलले नव्हते. हमीदभाई पिढीजात पेंटर. त्यांच्या वडिलांचं स्वारगेटजवळ दुकान होतं, दुकानांच्या पाट्या रंगवायचं. पुढे ते हमीदभाईंनी चालवलं. पेठांतल्या कितीतरी घरांवरच्या पाट्या त्यांच्या हातच्या. एकदा एका आजोबांनी 'कृपया फाटकासमोर गाडी लावू नये' असा बोर्ड करून घेतला आणि तो बघून म्हणाले, "यातलं कृपया पुसा. फार लाड होतात." हमीदभाईंनी तिथल्या तिथे टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं आणि पुसलं. त्यांच्या वडिलांनी त्यांना एवढंच शिकवलं होतं, की गिऱ्हाईक पुसा म्हणालं की पुसायचं, का म्हणून विचारायचं नाही. हा किस्सा ते इतका रंगवून सांगायचे की आम्ही पोट धरून हसायचो. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण कुठचं काय!

मग फ्लेक्स आले आणि दुकान बंद झालं. आता ते वारज्यात एका फ्लेक्सवाल्याकडे कामाला होते. दुसऱ्याने संगणकावर केलेले फलक शिडीवर चढून बांधायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको नसीमबानू डेंग्यूने नऊ दिवसांत गेली. घरात ते आणि मेहनाज नावाची मुलगी. ती एका औषधांच्या दुकानात काम करते. रेसिडेन्सीचा फॉर्म तिनेच भरला. बाप घरी आला की वह्यांच्या मागच्या पानांवर चेहरे काढत बसायचा, ते तिला दिसत होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. सहा आठवडे तो माणूस माझ्यापासून चार फुटांवर बसला होता आणि तरी नंतर कळलं.

त्यांनी निवडलेली कथा साधी होती. एक शिवणारी बाई, तिचा एक दिवस. सकाळपासून गल्लीतल्या बायका साड्यांना फॉल लावायला घेऊन येतात, बोलतात, जातात. नवरा गावाला गेलाय, तो आज येणार आहे. दिवेलागणीला तो येतो आणि तिने सगळ्यांचं शिवलं, स्वतःचा फाटका पदर तसाच राहिला, हे त्याला दिसतं. बस. दिग्विजय नावाचा मुलगा म्हणाला, "काका, यात ॲक्शनच नाही." हमीदभाई म्हणाले, "सुई चालते की दिवसभर."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी सोळाच्या सोळा पानांची पेन्सिल माझ्यासमोर ठेवली. बाकीचे अजून चौथ्या-पाचव्या पानावर धडपडत होते. मी पानं उलटली आणि माझं डोकं भणभणलं. अहो, बाई प्रत्येक चौकटीत वेगळी! एकीत गाल भरलेले, दुसरीत बसलेले. एकीत पंचविशीची, तिच्याच शेजारी पन्नाशीची. शिवाय निम्म्या चौकटींत तोंड एका बाजूला ओढलेलं. कॉमिकमधली गोष्ट वाचणारा माणूस चेहऱ्याला धरून पुढे सरकतो. पहिल्या चौकटीतली बाई शेवटच्या पानावर ओळखूच आली नाही, तर गोष्ट मेली. हे मी आजही म्हणेन, ते चूक नाही.

"हमीदभाई, ही एक बाई आहे की महिला मंडळ?" मी विचारलं. पोरं हसली. तेही हसले.

"आणि हिचं तोंड वाकडं का?"

ते काहीतरी बोलणार होते. मी थांबले का? छे! मी तोवर ट्रेसिंग पेपर ओढला आणि त्यावर मॉडेल शीट काढून दिली. म्हणजे एकाच माणसाचा चेहरा समोरून, बाजूने, हसताना, रडताना एका कागदावर काढून ठेवायचा, आणि मग सगळीकडे तोच वापरायचा. गोल चेहरा, मोठे डोळे, सरळ नाक, मधोमध भांग. दहा मिनिटांत झाली. का नाही होणार? चाळीस वर्षं शाळेच्या पुस्तकांत आई म्हणून मी तीच बाई काढत आले होते. भाकरी थापणारी आई तीच, मुलाला शाळेत सोडणारी आई तीच.

"ही वापरा," मी म्हणाले.

आता माझी पद्धत सांगते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते कळेल. पुण्यातल्या पोरांना शिकवायचं तर दहा दुरुस्त्या सांगायच्या. त्यातल्या सहांवर ती वाद घालतात, चार ऐकतात, आणि मला त्या चारच हव्या असतात. दिग्विजय तर प्रत्येक वेळी म्हणायचा, "मॅम, मला ते असंच हवंय." मी ओरडायचे, तो ओरडायचा, आणि त्या भांडणातून त्याचं पान सुधारायचं. भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं आमचं चालायचं. हमीदभाई घासाघीस करणाऱ्यांतले नव्हते. मी सांगितलं ते त्यांच्यासाठी गिऱ्हाइकाचं सांगणं होतं.

त्यांनी फक्त एकदा विचारलं. पाचवं पान पुढे सरकवलं. त्यावर एक मोठी चौकट होती. दारात कुणीतरी आलंय, आणि बाई मशीनवरून मान वर करून बघतेय. तोंड तेच, ओढलेलं.

"मॅडम, ही एक ठेवू का?"

मी चष्मा वर करून बघितलं. चित्र चांगलं होतं, हे मला दिसलं. खोटं कशाला बोलू, फार चांगलं होतं. पण मी म्हणाले, "एकच ठेवलीत तर ती तिसरीच कुणी पाहुणी वाटेल. ठेवायची तर सगळीकडे ठेवा, नाहीतर काढा."

"सगळीकडे नाही येत," ते म्हणाले.

"मग काढा."

सोमवारी ते आले तेव्हा सोळा पानांवर त्रेसष्ट पांढरे गोल होते. खोडरबराने इतकं स्वच्छ काम केलेलं की रेघेचा मागमूस नाही. कुणीही शहाणा चित्रकार जुनी पानं बाजूला ठेवून नव्या कागदावर काढतो. पण पाटी रंगवणारा दुसरी पाटी कुठून आणणार? तो त्याच पाटीवरचं पुसतो आणि पुन्हा लिहितो. आणि मी काय केलं? मी ती पानं सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "बघा. याला शिस्त म्हणतात." दिग्विजयकडे बघून म्हणाले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढचे चार आठवडे त्यांनी त्या गोलांत माझी बाई भरली. आधी पेन्सिलने, मग शाईने. सरावासाठी वेगळ्या कागदावर काढायचे, रोज वीस-वीस वेळा. एकही रेघ डगमगली नाही. मी खूश होते. सगळ्यांना सांगत होते, की आमच्या पाचांत खरं तयार काम हमीदभाईंचं.

शेवटच्या रविवारी सकाळी संस्थेने पानं भिंतीवर लावली आणि घरच्यांना बोलावलं. मेहनाज आली. भिंतीशी उभी राहून तिने सोळा पानं वाचली. मग परत पाचव्यापाशी गेली, तिथेच थांबली. मी शेजारीच होते, कौतुक ऐकायला.

"अब्बा," ती म्हणाली, "इसमें अम्मी किधर है?"

हमीदभाई हळूच म्हणाले, "बाद में, बेटा."

मी तिला गॅलरीत नेलं आणि काय ते नीट सांग म्हणाले. तिने सांगितलं. तिची अम्मी साड्यांना फॉल-पिको करायची. शिवताना दोरा ओठांच्या कोपऱ्यात धरायची, म्हणून तोंड एका बाजूला ओढलेलं असायचं. फोटो काढायला गेलं की तोंडावर हात धरायची, लग्नातही तिचा धड फोटो नाही. घरात आहे तो आधार कार्डावरचा, आणि त्यात कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. तीन वर्षं अब्बा तिचा चेहरा काढायचा प्रयत्न करत होते, येत नव्हता. ही कथा हातात आल्यावर यायला लागला. कधी लग्नातली अम्मी यायची, कधी शेवटच्या वर्षातली. बहुतेक चौकटींत अर्धीमुर्धी. पाचव्या पानावर मात्र ती पूर्ण आली होती. ते पान अब्बांनी एकदा घरी नेऊन दाखवलं होतं.

"फोटो घेतलास का ग त्याचा? मोबाइलवर?"

"नाही घेतला, मॅडम. पुस्तकात छापून येणारच होतं ना."

मी आत येऊन हमीदभाईंना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" आवाज चढलाच माझा, सवय वाईट. ते म्हणाले, "तुम्हाला बाई एकसारखी हवी होती. नसीम एकसारखी कुठे होती?"

पुस्तक छापायला जायला तीन आठवडे होते. मी संस्थेत जाऊन भांडले आणि तेवढी सोळा पानं थांबवून घेतली. बुधवारी सकाळी कोरा कागद आणि पेन्सिली घेऊन वारज्याला त्यांच्या घरी गेले. म्हणाले, "हमीदभाई, माझी बाई टाका कचऱ्यात. सगळी पानं नव्याने काढू. चेहरे वेगवेगळे होऊ देत, तोंड वाकडं होऊ दे, वाचणारे घेतील समजून. नाही घेतलं तर गेले उडत. आधी पाचव्या पानावरची काढा."

त्यांचा चेहरा उजळला. खिडकीपाशी गादीवर मांडी घालून बसले, पाट मांडीवर घेतला. मेहनाज कामाला निघाली होती, तीही थांबली. त्यांनी मशीन काढलं, खांदे काढले, मान वर उचललेली. ओठात दोरा काढला. मग चेहरा काढायला लागले, आणि मला दोन-तीन रेघांतच कळलं.

गोल चेहरा. मोठे डोळे. सरळ नाक.

त्यांनी बघितलं, खोडलं, पुन्हा काढलं. पुन्हा तीच. डोळे मिटून बसले थोडा वेळ, मग काढलं. तीच. चौथ्यांदा त्यांनी मुद्दाम तोंड एका बाजूला ओढलं, तर शाळेच्या पुस्तकातल्या आईला दाढदुखी झाल्यासारखं दिसलं. पाचव्यांदा पेन्सिल कागदावर टेकवली आणि मेहनाज म्हणाली, "अब्बा, बस."

त्यांनी पाट खाली ठेवला. स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघितला.

"हात आता तुमचीच बाई काढतो, मॅडम," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. पाटीचा रंग वाळला, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"आणि डोळ्यांसमोर?" मी विचारलं. "डोळ्यांसमोर तरी येते ना अजून?"

त्यांनी पुन्हा डोळे मिटून बघितलं आणि पेन्सिली गोळा करून मला परत दिल्या. मेहनाजने तोंड फिरवलं.

माझं चुकलं, हमीदभाई, माझं फार चुकलं, असं म्हणताना मला रडू फुटलं. साठी उलटलेली, तोंडाने फटकळ बाई, दुसऱ्याच्या घरात गादीवर बसून हुंदके देत होते. ते घाबरून उठले. "अहो मॅडम, असं नका करू. मी तरी कुठे बोललो?" म्हणत त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि मी पूर्ण पेला संपवेपर्यंत माझ्यासमोर उभे राहिले.