करावेगावच्या बाईने दिलेला नंबर

देव ऐकतो का हो? नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही बेलापूरला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि अक्कांच्या दुखण्यात मी देवाशी अबोला धरला होता, खरंच सांगते. दिवा लावायची, पण बोलायची नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. एक दिवस म्हणाल्या, "गुडघे धरलेत गं, देवांचं आता तूच बघ." मला वाटलं, वय झालं. कितीतरी महिन्यांनी बाथरूममध्ये वाळत घातलेल्या लुगड्याआड डाग पडलेलं फडकं दिसलं. विचारलं तर खालमानेनं म्हणाल्या, "विटाळ आहे. बोभाटा करू नकोस." पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाईला कसला आलाय विटाळ! दुखणं होतं ते, आणि माझी माउली त्यापायी देवापासून लांब बसत होती.

हॉस्पिटलात तपासणीला आतला तुकडा काढून घेतला. मग सुरू झाले आमचे मंगळवार. खिडकीवरचा माणूस मान वर न करता सांगायचा, "रिपोर्ट आला नाही, पुढच्या मंगळवारी या." अक्का म्हणायच्या, "त्याची मर्जी. चल घरी." इकडे अंगावरून जाणं वाढतच होतं.

अशाच एका मंगळवारी बाकावर मला रडू फुटलं. शेजारी करावेगावची एक कोळीण बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांकडे आत जायचा आपला नंबर माझ्या हातात कोंबला. "तू जा बाय आत. मना काय, कंबरच दुखते, ती उद्याला पन दुखंल. माजी बहीन अशीच पुढच्या खेपंला, पुढच्या खेपंला करत गेली." दारही तिनेच ढकललं.

डॉक्टरीणबाईंनी तिथूनच फोन लावला. रिपोर्ट कधीचा तयार होऊन खाली लॅबमध्ये पडून होता. कॅन्सर. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांनी आम्हाला मुंबईला धाडलं. बाहेर येऊन बघते तर बाकावर ती बाई नाही. पुढे करावेगावातही विचारलं, सापडली नाही. अक्का म्हणायच्या, एकवीरा आली होती. मी म्हणते, कंबर दुखणारी बाई होती. पण त्या दिवशी माझा अबोला सुटला.

उशीर व्हायचा तो झालाच होता. ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, तरी अक्का दोनच दिवाळ्या राहिल्या. त्या मात्र त्यांनी देवांजवळ बसून काढल्या, अंगावरून जात असलं तरीही.

"तुझी मर्जी" मीही म्हणते आता. पण त्याआधी सोसायटीतल्या बायकांना विचारून घेते, "काय गं, अंगावरून जातंय? मग ऊठ, आजच जाऊ. मी येते सोबत." पुढचं त्याच्या पायाशी.