शिसवाचा पट

मंगळवार पेठेतल्या आकाराम सुताराच्या दुकानात संध्याकाळी रंधा थांबला की बुद्धिबळाचा डाव पडायचा. समोर नृसिंह मास्तर. शाळा सुटली की भिंतीला सायकल टेकवून थेट इथंच यायचे. पट म्हणजे फळीवर खडूनं आखलेल्या रेघा. डाव रंगात आला की त्या मास्तरांच्या बाहीनं पुसून जायच्या आणि कुणाचा उंट कुठल्या घरात होता यावरून भांडण जुंपायचं. पेठेत तेव्हा रहदारी ती किती? लांबून टांग्याचे घुंगरू वाजले तरी कळायचं.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या साली मास्तरांची गारगोटीला बदली झाली. जाताना त्यांच्या हातात खरा पट द्यायचा, हे आकारामनं मनाशी पक्कं केलं. पिवळी घरं सागवानाची, काळी शिसवाची. आजऱ्याकडनं आलेलं एक मुरलेलं शिसव त्यानं जपून ठेवलं होतं, हात फिरवला की तेलकट लागणारं. चौकोन कापून त्यानं गरम सरसानं एकेक घर चिकटवून बसवलं. मास्तर पट छातीशी धरूनच मोटारीत चढले.

दिवाळीच्या सुट्टीत ते आले ते पंच्यात बोचकं बांधून. सोडलं तर आत पट आणि सुटलेली काळी घरं.

"आकाराम, माझा राजा घरादारासकट पडला बघ," मास्तर हसत म्हणाले.

आकारामला हसू आलं नाही. त्यानं एक तुकडा उलटा केला. सरस पापडासारखा निघून आला, लाकडाला त्याचा डागसुद्धा नव्हता. आजवर त्याचे सांधे खाचेत ठोकलेल्या कुसावर आणि लाकडी खुंटीवर उभे राहिलेले. नुसत्या सरसाच्या जिवावर त्यानं प्रथमच काही केलं होतं, आणि तेही दोस्तासाठी.

"सरस चांगला हुता की," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सणाचं न्हाणं झालं. त्याची बायको चिमणाबाई आरशापुढं कपाळ फडक्यानं खसाखसा पुसत होती. आकाराम तिच्याकडं बघत राहिला.

"आगं, कातडं निघंल की."

"तेल लावून न्हालं की मेण धरत न्हाय, आन मेण न्हाय तर कुक्कू कशावर बसायचं? पुसलं की लगीच लावाय लागतंय. थांबलं की तेल परत वर येतंय."

आकाराम जेवायचाही थांबला नाही. मास्तरांना घरनं बोलावून आणलं. तुकडे नव्यानं रंधले, पॉलिशच्या स्पिरिटात भिजवलेल्या चिंधीनं त्यांच्या अंगचं तेल पुसलं. चिंधी तपकिरी झाली की दुसरी घ्यायची. कोरी राहिली की लगेच सरस लावून घर बसवायचं. शेवटी पटावर फळी ठेवून वर पाटा ठेवला.

पट धरला. पण जायच्या दिवशी मास्तरांनी तो दुकानातच ठेवला.

"गारगोटीत माझ्याशी भांडणारं कोण आहे? राहू दे इथंच."

मग दर सुट्टीला ते येत राहिले, पेन्शनीत निघून कायमचे कोल्हापुरात येईपर्यंत. म्हातारपणी आकारामला जिंकलेले डाव आठवत नसत. त्याला आठवायची ती दुपार: पाट्याचं वजन पुरेना म्हणून दोघंही फळीवर बसले होते, सरस वाळेपर्यंत हलायचं नाही म्हणून, आणि चिमणाबाईनं करंज्या तिथंच आणून दिल्या होत्या.