सगळ्यांचे माइक चालू

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांइतका गलक्याला हपापलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. इतर शिक्षकांना वर्ग शांत लागतो; ह्यांना शांत वर्गात घाम फुटायचा. "पोरं गप बसली की समजा, कायतरी बिनसलंय," म्हणायचे. करोनात शाळा बंद झाली, तास मोबाईलवर आले, तेव्हा आम्ही बाकीचे शिक्षक एकच घोकत होतो, 'माइक बंद करा रे!' सरांचा हुकूम नेमका उलटा: तास संपेपर्यंत कुणी माइक बंद करायचा नाही. नेकनूरच्या अलीकडं आमची शाळा, तिथं नेटवर्क धड मिळायचं ते गच्चीवरच, म्हणून सगळे तास तिथूनच; माझा मराठीचा तास उरकून मी तिथंच कपाळ बडवत बसायचे. गच्चीवर टेकवलेल्या फळ्यावर सरांचं समीकरण चाललंय आणि मोबाईलमधून कुकरच्या शिट्ट्या, शेळ्यांचं बें बें, कुणाच्या तरी आजीचा खोकला. सर खूश! "काकू, शिट्ट्या पुरे, डाळीचा गाळ व्हईल," असं बजावून पुन्हा गणिताकडं वळायचे.

त्या दुपारीही असंच चाललं होतं. तेवढ्यात नववीतल्या कोमलच्या घरून एक परका आवाज आला, "मग बुधवारीच लग्न उरकू. आता माणसं बी लई बोलवायची न्हाईत." पाठोपाठ तिच्या वडिलांचा, "शाळा तर बंदच हाय. पोरगी घरी बसून काय करणार?"

सरांचा खडू थांबला. अहो, पोरगी चौदा वर्षांची! मी म्हटलं, आधी फोन ठेवा, कुणाला तरी कळवू. पण ऐकतील तर ते सर कसले! मोबाईल तोंडाशी धरून गरजले, "कुणाचं लग्न उरकताय बे? नववीत हाय ती! पोरांनो, ऐकताय ना?"

"ऐकतोय सर!" घराघरातून एकच कालवा उठला.

"आरं, ह्यो मोबाईल कावून बोलतोय?" कोमलचे वडील ओरडले. "कोमे, बंद कर गं!" बंद कसा करायचा हे त्या घरात एकट्या कोमललाच येत होतं, आणि तिनं काही तो केला नाही. "सगळं गाव ऐकतंय की," पाहुणा पुटपुटला. खुर्च्या सरकल्या. मग कुणीतरी बटणं दाबता दाबता फोन एकदाचा बंद पडला.

सरांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी कोमलच्या घरी निघाले तेव्हा माझा जीव टांगणीला लागलेला. दुसऱ्या गावाला नेऊन उरकलं तर? पोचलो तर पाहुणे गेलेले आणि वडील लालबुंद. "आमच्या घरात तुमी कावून पडता सर?" सर मास्क सारखा करून उंबऱ्याशी बसले. "तास अर्धाच झालाय. आता इथंच घेतो." आणि घेतलाही, रोज, बुधवार उलटून गेला तरी. शेवटी वडिलांनीच हात टेकले.

शाळा उघडली, कोमल आली. तिच्या बाकावरच्या दोघी मात्र आल्या नाहीत. त्यांच्या घरी मोबाईलच नव्हता, त्यामुळं तासाला त्या कधीच नसायच्या. सासरी गेल्याचं पोरींकडून कळलं. सरांनी त्या दोघींच्या जागेवरची धूळ हातानं पुसली. मग हळूच म्हणाले, "बाई, आपल्याला एकच घर ऐकू आलं हो."