पाचशे अंशांवरची भट्टी

भट्टी माझी होती. कागदावर शेठची, पण बारा वर्षं तिचा ताप मीच सांभाळला होता. पेणजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात यंत्रांना लागणाऱ्या सिरॅमिकच्या नळ्या भाजल्या जायच्या. मग श्रीवर्धनची एक डिप्लोमावाली पोरगी कामाला आली आणि महिन्याभरात शेठ म्हणाले, "नवीन कांड्या हिलाच बसवू दे. जमलं तर भट्टी हिच्याकडेच देऊ."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भट्टी तापवणाऱ्या या कांड्या मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या. यू आकाराच्या, छतातून खाली लोंबणाऱ्या. रंगाने लोखंडासारख्या, वीजही वाहून नेतात, पण गार असताना काचेसारख्या तुटतात. वितळायला मात्र दोन हजार अंश लागतात. काच आणि पोलादाच्या भट्ट्यांतही त्या असतात. हे सगळं मला कामातून कळलेलं. ती तेच शेठना चहा पिता पिता सांगायची, वर विमानाच्या इंजिनात हा पदार्थ कसा वापरता येईल तेही. शेठ तोंडाचा आ करून ऐकायचे. माझं बारा वर्षांत एवढं कधी ऐकलं नव्हतं.

तिने कांड्या सुरेख बसवल्या. एकही तुटली नाही, याचंच मला वाईट वाटलं.

मग कच्च्या पांढऱ्या नळ्या आत रचून तिने भट्टी पाचशेवर लावली. "नव्या कांड्या आहेत, काका. दिवसभर मंदच ठेवते. आमच्याकडं सुपारी अशीच निवांत सुकवतात."

नव्या कांड्या आधी रिकाम्या भट्टीत कडक तापवायच्या असतात. मग त्यांच्यावर काचेची पातळ साय धरते आणि त्या काहीही सोसतात. साय धरायच्या आधी पाचशेवर रेंगाळलं, की त्यांची भुकटी झडते. तसं लिहिलेलं माहितीपत्रक माझ्याच कप्प्यात होतं.

"बरं हाय," एवढंच मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर सगळ्या नळ्यांवर पिवळट भुकटी. माल वाया गेला. शेठ सगळ्यांदेखत तिला वाट्टेल ते बोलले. तिने मान खाली घालून चूक कबूल केली. भट्टीची चावी त्यांनी माझ्या हातात ठेवली, आणि मला इतका आनंद झाला की तोंड वळवावं लागलं.

ती भुकटी पुसत बसली होती. मी उगाच म्हणालो, "मला विचारायचं तरी."

"विचारणारच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही दिवसभर इथंच स्टुलावर बसला होता ना, काका. म्हटलं, चुकत असते तर तुम्ही बोलला असता."