मामाजींची उन्हाळी

लग्न होऊन मी मुकुटबनला आले तेव्हा आमच्याकडे सासरे सुनेशी थेट बोलत नसत. काही हवं असलं की मामाजी सासूबाईंना सांगत आणि सासूबाई मला. त्यामुळे त्यांचं दुखणं मला कळलं ते भिजत घातलेल्या धन्यांवरून. त्यांना उन्हाळी लागली होती म्हणे, लघवी थेंबथेंब होई. सासूबाई मोठ्या मायेनं धन्याचं पाणी, सब्जाचं पाणी पाजत राहिल्या, आणि एका सकाळी थेंबही बंद झाला. पोट नगाऱ्यासारखं तट्ट.

कापसाच्या ट्रकात घालून त्यांना वणीला नेलं. तिथं लघवीची नळी घातली आणि यवतमाळच्या दवाखान्यात पाठवलं. नवरा कागदपत्रांसाठी बाहेर गेला होता तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

मामाजी छताकडे बघत म्हणाले, "काही नाही जी, उन्हाळी लागली."

माझं डोकंच फिरलं. "दिवाळीत कायची उन्हाळी जी! तवापासून चालू हाय."

सासऱ्यांसमोर इतक्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले. डॉक्टर हसले. प्रोस्टेटची गाठ वाढून लघवीची वाट दाबली गेली होती. पाणी पाजून ती काय जाणार! पोटाचा घेर बघून त्यांनी तूप-तेलही निम्मं करायला लावलं.

ऑपरेशन झालं. आता नळी काढल्यावर लघवी आपसूक व्हायला हवी होती, नाहीतर पुन्हा नळी, कदाचित जन्मभराची. वॉर्डातले बहुतेक म्हातारे याच दुखण्याचे. नळी निघाली त्या दिवशी जो तो विचारी, "झाली काय हो?" मामाजी नुसती नकाराची मान हलवत. दुपार झाली तशी मी फार घाबरले. मग ते पुन्हा भांडं घेऊन पडद्याआड गेले. वॉर्ड चिडीचूप. आणि खळखळ आवाज आला! शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्याच वाजवल्या. मी तोंडाला पदर लावून हसत होते, रडतही होते.

मामाजी बाहेर आले. "सूनबाई, कार्ड काढ. तुह्या सासूले लिही, लघवी मोकळी झाली."

मी घुटमळले. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. पोस्टमन कार्ड चावडीवर मोठ्यानं वाचायचा.

"मामाजी, आख्खं गाव ऐकन."

"ऐकू दे," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिही."